कूलर बंद करा, मला "माळ" रेकॉर्ड करायचीय

मे महिन्यात दुपारी एक वाजता आमच्या घरात कूलर बंद करायला सांगणं म्हणजे घरभर भांडण लावून घेणं. फैजपूरजवळचं आमचं गाव, सगळीकडे केळीच्या बागा, त्यामुळे बाहेरच्या लोकांना वाटतं इथे गारवा असेल, पण पारा ४५ ला टेकला की केळीची पानंसुद्धा मान टाकतात तिथे माणसाचं काय. तरी मी सांगितलं. लॅपटॉप उघडा, समोर माइक, आणि खाटेवर मोठी माय. मोठी माय म्हणजे माझी आजी, वय नव्वदीच्या घरात, दात मोजून सात, आणि आवाज असा की मागच्या गल्लीतली माणसं "ओ" देतात.

"अरे काय करी राह्यला तू? मले गरम होई राह्यलं ना."

"दोन मिनिटं, मोठी माय. फक्त माळ म्हण. देवाच्या फोटोला घालतो ती."

"माय."

"आता आई म्हणतो ती माय म्हण."

"माय," असं म्हणून ती माझ्याकडे अशी पाहायला लागली जशी लहानपणी ताप आला की पाहायची.

आमच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून दोन्ही वेळा माय. हे कुठून सुरू झालं ते सांगतो. माझा धंदा साउंडचा. लग्न, हरिनाम सप्ताह, गणपती, सभा, शाळेचं गॅदरिंग, वीस वर्षं झाली मिक्सरवर हात ठेवून. कॉलेज अर्धवट सोडलेलं, त्यामुळे ध्वनिशास्त्र वगैरे शब्द माझ्या वाट्याला कधी आलेच नाहीत, पण आता मागे वळून बघतो तर व्यंजनांशीच मारामारी चाललेली होती माझी, फक्त त्यांना व्यंजनं म्हणतात हे माहीत नव्हतं. स्वरांचा त्रास कधीच नसतो बघा. आ, ई, ओ मस्त गोल येतात, स्पीकरमधून गावभर जातात. त्रास देतो तो प. पुढारी माइक तोंडात घालून "परमपूज्य" म्हणतात आणि बॉक्समधून ढप्प ढप्प येतं, कारण प सोडताना ओठांमागे साठलेली हवा एकदम सुटते आणि माइकच्या पडद्यावर थोबाडीत मारल्यासारखी बसते. कानाला तो ढप्प समोरासमोर कधी ऐकू येत नाही, तो फक्त माइकला लागतो. म्हणून लो कट, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण, दाबायचा, माइक थोडा तिरपा धरायला सांगायचा (ऐकत कोणी नाही). दुसरा त्रास स चा. निवेदिका "सस्नेह स्वागत" म्हणाली की कानात सुया. तिथे ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात हात घालून थोडं दाबावं लागतं. पण जास्त दाबलं की तीच बाई बोबडी वाटायला लागते.

एकदा तर मीच माती खाल्ली. एका लग्नात मागे जनरेटरचा आवाज फार म्हणून माइकला नॉइज गेट लावला, म्हणजे बोलणं थांबलं की माइक आपोआप बंद, बोललं की चालू. पण चालू व्हायला तो किंचित उशीर करत होता. आता प किंवा त चा सुटण्याचा जो टिचकीएवढा आवाज असतो तो संपतो मोजून १० ते २० मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. गेट उघडेपर्यंत व्यंजन निघून गेलेलं. त्यामुळे आहेराला नावं पुकारली जाताना "पाटील" चे झाले "आटील", "तायडे" झाले "आयडे", आणि मुलीच्या मामांनी मला जेवू दिलं नाही. म्हणजे दिलं, पण शेवटच्या पंगतीला.

त्या रात्री घरी येऊन रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं आणि पहिल्यांदा डोक्यात शिरलं की प म्हणजे मुळात आवाजच नाही. प, त, ट, क, यांचा मोठा भाग म्हणजे शांतता. तोंड कुठेतरी पूर्ण बंद होतं, पडद्यावर रेघ सपाट होते, मग टिचकी, मग स्वर. "पता" आणि "पत्ता" यातला फरक म्हणजे त्या सपाट रेघेची लांबी, बाकी जवळजवळ काही नाही. मी "पता" मध्ये मधोमध शंभरेक मिलिसेकंदांची निव्वळ शांतता चिकटवली आणि ऐकलं तर चक्क "पत्ता". काहीच नाही टाकलं आणि अक्षर वाढलं! मी बायकोला उठवून ऐकवलं, रात्री दीड वाजता, तिची प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही.

मग यूट्यूब, मग इकडचं तिकडचं वाचन, आणि शेवटी हाती लागलं प्रात नावाचं सॉफ्टवेअर. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक या दोघांनी बनवलेलं, पूर्ण फुकट, आणि त्या नावाचा डच भाषेत अर्थ बोलणं असाच काहीतरी. दिसायला विंडोज नाइंटीफाइव्हच्या जमान्यातलं वाटतं पण जगभरचे भाषावाले हेच वापरतात. त्यात आवाज टाकला की स्पेक्ट्रोग्राम निघतो, आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, आणि जिथे आवाजाचा जोर जास्त तिथे काळपट. मिक्सरवरचा ॲनालायझर बघायची सवय असलेल्याला हे फार लवकर कळतं, फक्त ॲनालायझर क्षणाचं चित्र दाखवतो आणि हे सगळी मिरवणूक दाखवतं. असली यंत्रं अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाली, त्यावरचं पुस्तक १९४७ ला आलं. तेव्हा एका वाक्याचं चित्र काढायला प्रयोगशाळेतलं यंत्र लागायचं आणि आज तेच मी केळीच्या मळ्यात बसून करतो.

चित्रात स्वरांचे आडवे काळे पट्टे दिसतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. ते कशाने होतात हे समजायला मला पुस्तक नाही लागलं, हंडा पुरला. नळाखाली हंडा भरताना आवाज कसा चढत जातो, भरत आला की पातळ होतो आणि आतून ऐकणारी बाई न बघता नळ बंद करते. पाणी वर येतं तशी वरची हवेची जागा आखूड होते, आखूड जागा म्हणजे चढा आवाज. तोंडाचं तेच. स्वरतंतूपासून ओठापर्यंत पुरुषाची नळी साधारण १७ सेंटीमीटर, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी, तर आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरून त्याला नळीच्या चौपट लांबीने भागलं की ५०० च्या आसपास पहिला पट्टा येतो, मग १५००, मग २५००. जीभ हलली की नळीचा आकार बदलतो आणि पट्टे सरकतात.

आणि हाच हिशोब स आणि श ला लावला तेव्हा मी खरंच खुर्चीवरून उठलो. स म्हणताना जिभेची फट अगदी पुढे असते, फटीच्या पुढे दातांपर्यंत राहिलेली जागा दीडेक सेंटीमीटर. भागाकार करा, ५८०० च्या जवळ येतं. श म्हणताना फट मागे जाते, ओठही जरा पुढे येतात, पुढची जागा होते तीनेक सेंटीमीटर, उत्तर २९००. म्हणजे मी वीस वर्षं ज्या पट्टीला हात घालून निवेदिकेचा स दाबत होतो ती पट्टी म्हणजे तिच्या दातांमागचा दीड सेंटीमीटरचा हंडा होता! अर्थात खरं तोंड इतकं सरळ नळकांडं नसतं, आकडे माणसागणिक पुढेमागे होतात, पण श कायम स च्या खाली बसतो हे कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये बघून घ्या. स ला दातही लागतात, हवेची धार दातांच्या कडेवर आपटते म्हणून तो एवढा धारदार. मोठ्या मायचे समोरचे वरचे दात गेलेले, तिचा स चित्रात पसरट आणि मऊ दिसतो, धार नाही. आणि कूलर? कूलर म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत न थांबता चालणारा एक मोठा ऊष्म वर्ण, म्हणजे स, श सारखा हवा घासून येणारा आवाज. खालपासून वरपर्यंत सगळीकडे करडा रंग. म्हणून तो बंद करायचा होता, हे मी घरात समजावून सांगितलं, कोणालाही पटलं नाही.

फोनवर सावदा या गावाचं नाव सांगितलं की कोणी "फावदा का?" विचारतं त्याचंही कारण हेच बरं का. जुन्या फोन लाइनमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जातं, स चा सगळा माल त्याच्यावर, तो वरच्या वर कापला जातो आणि उरतो तो कुठल्याशा फ सारखा फुसका आवाज. मग आपण ओरडतो, स सशाचा स, स सशाचा. ओरडून उपयोग नसतो, ओरडल्याने स्वर मोठा होतो, स नाही. म्हातारपणी कान आधी वरच्या पट्टीत जातात त्याचंही असंच, माणूस म्हणतो ऐकू येतं पण समजत नाही, आणि घरातले समजतात की नाटक करतोय. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळालेली असतात.

एक च ची गंमत सांगून पुढे जातो. "चारचौघांत" हा शब्द रेकॉर्ड करा. लिहिताना दोन्ही च सारखे, पण चार मधला च आणि चौघांमधला च चित्रात वेगळे, पहिल्याच्या घासण्याचा भाग श सारखा खाली, दुसऱ्याचा स सारखा वर. आपल्याला शाळेत एकच च शिकवला. बाकी वर्णमाला मात्र काय बनवलीय जुन्या लोकांनी, क ख ग घ घशाजवळून सुरू करून प फ ब भ म ला ओठांवर आणून सोडलंय, म्हणजे मागून पुढे चालत आलेला रस्ताच आहे तो. आणि त्यांच्याकडे ना माइक ना लॅपटॉप, नुसती जीभ आणि लक्ष.

वर्णमालेतल्या त्या आडव्या ओळींवरही (प फ ब भ अशा) लोकांनी काम केलंय. १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोघांनी ११ भाषांचे स्पर्श वर्ण, म्हणजे प, त, क सारखी तोंड पूर्ण बंद करून सोडायची व्यंजनं, मोजले आणि त्या अकरात आपली मराठी आहे, हे वाचून मला उगाच गावातल्या पोराचा पेपरात फोटो आल्यासारखं झालं. त्यांनी मोजलं काय तर ओठ किंवा जीभ सुटली तो क्षण आणि स्वरतंतू थरथरायला लागले तो क्षण, यातलं अंतर. प मध्ये सुटल्यावर लगेच थरथर. महाप्राण फ मध्ये (म्हणजे जुना, ओठ मिटून म्हणायचा फ, आता बरेचजण दात लावून म्हणतात तो नाही) आधी हवेचा झोत, थरथर उशिरा. ब मध्ये ओठ मिटलेले असतानाच आत गुणगुण चालू, म्हणजे अंतर उणे. एवढ्या एका मापात कितीतरी भाषांचा हिशोब बसला. आणि अडला कुठे? आपल्याच भ, ध, घ वर! भ मध्येही थरथर ब सारखी आधीच सुरू असते, त्यामुळे या मापाने ब आणि भ वेगळे करताच येत नाहीत. फरक सुटल्यानंतर आहे, स्वरतंतू थरथरत तर असतात पण नीट मिटत नाहीत, मधून हवा गळत असते, आणि चित्रात सुरुवातीचा स्वर धुरकट दिसतो. हिंदीचंही तेच झालं. बाकी जगाची मोजपट्टी आपल्या भाकरीला पुरली नाही, हे मला फार आवडलं.

असो. मूळ दुखणं ळ चं.

आमच्या बोलीत ळ नाही. म्हणजे ळ असतो तिथे य येतो. केळं नाही, केयं. डोळा नाही, डोया. पोळी ती पोयी, काळा तो काया. आता गंमत अशी की खान्देशच्या पाट्या वाचा, जळगाव, धुळे, चाळीसगाव, पाटीवर सगळीकडे ळ, आणि गावातली माणसं म्हणतात जयगाव, धुये, चायीसगाव. अहिराणीत तेच, आमच्या लेवा बोलीत तेच. ज्यांच्या नावाने जळगावचं विद्यापीठ आहे त्या बहिणाबाई चौधरीही असोद्याच्या, याच बोलीतल्या, त्यांच्या ओव्यांमधला य कोणाला खटकत नाही, उलट गोड वाटतो. माझा खटकला. पाचवीत मी तालुक्याच्या शाळेत गेलो आणि तिथल्या एका बाईंनी मला उभं करून "शाळा सुटली" म्हणायला लावलं. मी म्हणालो "शाया सुटली". वर्ग हसला. पुन्हा म्हण. शाया. पुन्हा. आठवडाभर रोज सकाळी माझा हा कार्यक्रम होता. त्या म्हणायच्या, जिभेला आळस आहे तुमच्या लोकांच्या, वळवायचा कंटाळा. (आळस हा शब्द त्या फार ठासून म्हणायच्या, ळ वर जोर देऊन.) पुढे मला ळ आला, कसा आला आठवत नाही, पण घरी गेलो की आपोआप य व्हायचा आणि शाळेत ळ, आणि मोठ्या मायच्या बोलण्याची मला मधली काही वर्षं लाज वाटली हे खरं आहे. कोणी मित्र घरी आला की तिने बोलू नये असं वाटायचं.

तर प्रात हाती आल्यावर बाकी सगळं सोडून मला हाच आळस बघायचा होता. आधी तोंडात बघितलं. एक जुनी पद्धत आहे, जिभेला रंग लावायचा, एकच अक्षर म्हणायचं आणि मग आरशाने टाळूचा फोटो काढायचा, रंग जिथे लागला तिथे जीभ टेकली. ते लोक कोळशाची पूड तेलात कालवून लावतात. मी पोराच्या कोको पावडरवर भागवलं. त म्हटलं की डाग दातांच्या मागे, ट म्हटलं की बराच मागे, टाळूच्या उतारावर. ळ ला डाग ट सारखाच मागे पण मध्येच, कडेला नाही, कारण ळ मध्ये हवा जिभेच्या बाजूने निघून जाते. य ला मात्र मध्ये डागच नाही, दोन्ही कडांना पट्टे, जिभेचं धूड वर उचललेलं पण मधोमध वाट मोकळी. म्हणजे ळ मध्ये मध्ये बंद आणि कडेने वाट, य मध्ये कडा टेकलेल्या आणि मधून वाट. बरोबर उलटं! मी तोंड उघडं ठेवून आरशात मोबाइलचा टॉर्च मारत होतो तेव्हा बायको आली. "अहो, काय हे? पोरगं रडतंय, त्याचा डबा संपला म्हणून."

मग आवाज. माझा शाळेत शिकलेला ळ घेतला, बायकोचा घेतला (ती संगमनेरकडची, तिचा ळ जन्मजात), आणि मोठ्या मायचा य. ळ च्या आधी जो आ असतो त्याच्या शेवटाकडे बघायचं, तिसरा पट्टा खाली वाकायला लागतो, दुसऱ्याच्या दिशेने. जीभ वळली की असं होतं, ट, ड, ण सगळ्यांना हीच खूण. य मध्ये तिसरा नाही, दुसरा पट्टा हलतो, आणि तो वर चढतो, दोन हजारच्या पुढे. एकाची रेघ खाली, दुसऱ्याची वर. मोठ्या मायची रेघ वर गेली. अर्धवट नाही, मध्येच सोडून दिल्यासारखी नाही, पाटीवर पोरगं उभी काठी ओढतं तशी सरळ. आळशी ळ म्हणून काही असतं तर तिसरा पट्टा थोडा वाकून सोडलेला दिसला असता. तसलं काही नव्हतं. तो पूर्ण, धडधाकट य होता, आणि जीभ अख्खी उचलायचं काम त्यात काही कमी नाही.

मग मला वाटलं, बरं, तिच्या तोंडात निदान दोन वेगळे य असतील, एक खरा आणि एक ळ चा. म्हणून ही माय आणि माय ची भानगड. गाय आणि गाय सुद्धा घेतलं, एक दूध देणारी, एक विहिरीच्या तळाचा गाळ. दहा दहा वेळा म्हणायला लावलं, दोन दिवस, दुपारी, कूलर बंद. एकावर एक ठेवून बघितलं, मला तरी काही फरक दिसला नाही. तिला विचारलं, मोठी माय, मग कळतं कसं कोणती गाय? ती म्हणाली, "इहिरीत गाय पडली तं लोक गोया होतील, गाय साचला तं कोन पाह्यते." ध्वनिशास्त्र संपलं.

बाईंवरचा माझा राग मात्र या सगळ्यात थोडा बदलला, गेला नाही, बदलला. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात तान्ह्या मुलांवर एक प्रयोग केला होता. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट वेगळा ऐकू येतो, त्यांच्या आईबापांना येत नाही, आणि वर्षाची होता होता बाळांचाही तो कान बंद होतो. म्हणजे कान घरातलं ऐकून स्वतःच्या पेट्या बनवतो आणि नंतर बाहेरचं काही आलं की जवळच्या पेटीत ढकलतो. त्याच्या आधी न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स लॅबमध्ये फ्रँकलिन कूपर, अल्विन लिबरमन आणि पियर देलात्र यांनी चित्रांवरून आवाज काढणारं मशीन वापरलं होतं, ब्रशने पट्टे रंगवायचे आणि मशीन ते बोलून दाखवायचं. त्यात दुसऱ्या पट्ट्याची सुरुवात खालून आल्यासारखी रंगवली की लोकांना ब ऐकू यायचा, १८०० च्या जवळून आल्यासारखी की द. "दी" मध्ये तो पट्टा चढतो, "दू" मध्ये उतरतो, चित्रं एकमेकांच्या उलट, आणि तरी आपला कान म्हणतो दोन्हीकडे द च आहे. कान किती काय स्वतःच्या मनाने करतो बघा. तर बाईंच्या कानात आमच्या य ला ळ च्या पेटीतच जागा होती आणि त्या पेटीत तो मोडकाच दिसणार. हे कारण झालं. आठवडाभर उभं करणं हे वेगळं खातं आहे, ते कानात जमा होत नाही.

इंग्रजी अमलात हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सन साहेबाने तरी काय केलं, १९०७ च्या त्याच्या भाषा सर्व्हेमध्ये खान्देशीला (म्हणजे अहिराणीला) भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं. त्यावर अजून लोक भांडतात, मी त्यात पडत नाही, मला सप्ताहाचं काम दोन्हीकडून मिळतं.

शेवटचा उद्योग पावसाळ्यात केला, कूलर आपोआप बंद असताना. मनात आलं की मोठ्या मायच्या तोंडून ळ काढून दाखवू. म्हणजे तिचा "मा" घ्यायचा आणि पुढे बायकोचा ळ जोडायचा. बायकोचा यासाठी की माझी पट्टी फार खाली, जोड लगेच कळतो. पहिल्यांदा नुसता ळ कापून लावला, बरोबर जिथून जीभ टेकते तिथून. ऐकलं तर "माल". तीन वेळा कापलं, तीन वेळा माल, किराणा दुकानासारखं. मग लक्षात आलं की ळ ची खूण ळ मध्ये कमी आणि त्याच्या आधीच्या आ मध्ये जास्त आहे, तिसरा पट्टा वाकतो तो तिथे. (मराठीत एकही शब्द ळ ने का सुरू होत नाही याचा विचार यानंतर करून बघा, आधी स्वरच नसेल तर बिचाऱ्याने खूण ठेवायची कुठे.) म्हणून आ चा शेवटचा तिसरा भागही बायकोचा घेतला, पट्टी थोडी जुळवली, जोडावर आवाज जरा कमी जास्त केला. आणि आली. स्वच्छ "माळ", मोठ्या मायच्या आवाजात. पुण्याच्या आकाशवाणीवर चालली असती.

पोराला ऐकवली, तो म्हणाला मोठी माय. बायकोला ऐकवली, ती म्हणाली मोठी माय, पण कशी शहाण्यासारखी बोलतेय. मग लॅपटॉप घेऊन खाटेपाशी गेलो, तिच्या चांगल्या कानाजवळ स्पीकर धरला आणि वाजवली. एकदा. दोनदा. ती डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्यांदा वाजवायला सांगितली.

"कोण बोलतंय, मोठी माय?"

"आधी मी हाये," ती म्हणाली, "मंग शायेतल्या बाई आल्या."